बिनगाठीचं झबलं

बंद बांधायला म्हणून तिनं तो जरा ओढला, तर बंद जागच्या जागी राहिला आणि दोराच तिच्या हातात आला. लोण्यातून केस निघावा तसा, अख्खा, वीतभर, कुठेही न अडकता. टिल्लू पाठीवर पडून दोन्ही पाय छताकडे उडवत होता, लाळेनं हनुवटी चकचकली होती. सात महिन्यांचा झाल्यापासून त्याला कपडे घालणं म्हणजे मासोळीला टोपी घालणं, असं त्याचा बाप म्हणायचा. अंघोळ झाली होती. शुक्रवारची दुपार कलत होती, स्वयंपाकघरात दोन भांडी मंद आचेवर होती, टेबलावर पांढरी चादर घालून झाली होती. शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, लागायच्या आत बाळाला नवं काहीतरी घालावं म्हणून तिनं हे झबलं आज पहिल्यांदा काढलं होतं. दोरा बोटांवर घेऊन ती बघत राहिली. त्याचं टोक नुसतं टोक होतं. गाठ नव्हती. आपण मारायला विसरलो असू, एखादी राहते, असं ती स्वतःला म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिनं झबल्याची खांद्यावरची शिवण उलटून पाहिली. तिथंही गाठ नव्हती. काखेत नव्हती. गळ्याशी नव्हती. प्रत्येक शिवणीच्या सुरुवातीला दोऱ्याची शेपटी मोकळी सोडलेली आणि तिच्यावरून दोन टाके मागे घेतलेले, एकसारखे, बारीक, सुरेख. हे टाके तिचेच होते, आणि ते जिवंत माणसाच्या कपड्याचे नव्हते.

मंडळाच्या खोलीत एकच लांब टेबल होतं. सिनेगॉगच्या मागे, तीन पायऱ्या उतरून जायची ती खोली. खिडक्या उंचावर, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. दर मंगळवारी तिथं दहा-बारा बायका जमायच्या. मांजरपाटाचा एकच तागा उलगडायचा आणि एकाच कात्रीनं कापायचा. टेबलाच्या डाव्या अंगाला शिवायचा तो ‘पहिला जोड’, म्हणजे ज्या घरात हात तोकडा आहे तिथल्या नव्या बाळाचा: झबलं, टोपडं, दोन लंगोट, दुपटं. उजव्या अंगाला शिवायचा तो ‘शेवटचा जोड’. गावातलं आपलं माणूस गेलं, श्रीमंत असो की भिकारी, त्याला ह्याच कापडाचा, ह्याच मापाचा जोड. खिसा नाही, बटण नाही, आणि गाठ तर नाहीच. जाणाऱ्याला कशानं अडवायचं नाही. येणाऱ्याला मात्र बांधून ठेवायचं, म्हणून पहिल्या जोडाला गाठीवर गाठ. हे सगळं तिला पहिल्या दिवशीच किल्लीमावशींनी सांगितलं होतं. मंडळाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची आणि मंडळाची यादी त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. जोड कुणाच्या घरी गेला हे शिवणारीला कळायचं नाही आणि कुणी शिवला हे घेणाऱ्याला. ‘ह्या हाताचं त्या हाताला कळता कामा नये,’ मावशी म्हणायच्या, ‘आणि आमच्या बेकरीवालीच्या जिभेला तर मुळीच नाही.’ बेकरीवाली हसायची. ‘मी काय बोलते हो? मी तर तोंडात दोरा धरून बसते.’ तोही एक नियमच होता. त्याच पहिल्या दिवशी तिच्या स्वतःच्या बाहीचं बटण लोंबत होतं. मावशींनी तिला न विचारता दंडाला धरलं, सुई ओवली आणि एक दोऱ्याचा तुकडा तिच्या ओठांत कोंबला. ‘चघळ. अंगावरच्या कपड्याला सुई लावली की चघळायचं. पडून राहिलेल्या माणसाच्याच अंगावर लोक शिवतात बाई. तू त्यातली नाहीस हे कळू दे.’ ‘कुणाला कळू दे?’ तिनं दोऱ्याआडून विचारलं होतं, आणि सगळं टेबल हसलं होतं. मावशी तेवढ्या हसल्या नव्हत्या. ‘जो विचारतो त्याला,’ त्या म्हणाल्या आणि दोरा तोडला.

टिल्लूनं तिच्या हातातला दोरा धरायला मूठ पुढे केली. तिनं हात मागे घेतला, जरा जास्तच जोरात, आणि तो दचकून तिच्याकडे बघायला लागला. आठवावं लागणार होतं. सगळं नीट, एकामागून एक. मंडळातल्या शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून गेले तीन मंगळवार तिला त्यांच्या जागी, टेबलाच्या उजव्या अंगाला बसवलं होतं. तीन मंगळवार ती शेपटी सोडून मागे टाके घेत होती. ह्या मंगळवारी टिल्लूच्या हिरड्या ठणकत होत्या, अंग कोमट होतं, म्हणून ती लवकर निघाली. पहिल्या जोडातलं झबलं तेवढं घरी न्यायला परवानगी असते, तसं तिनं कापलेलं घेतलं. पिशवीत तळाशी कापडाचा उरलेला तुकडाही घेतला. त्याची परवानगी नव्हती. मंडळाच्या कापडाची चिंधीसुद्धा बाहेर जात नाही, ती पोत्यात जमते आणि शेवटी त्याच जमिनीत जाते जिथं शेवटचे जोड जातात. तिला हे ठाऊक होतं. तरी तिनं तो तुकडा घडी करून झबल्याच्या खाली सारला होता. टिल्लू झोपला तेवढ्या दीड तासात खिडकीशी बसून तिनं दोन झबली शिवली होती, एक चिमुकलं, मंडळाचं, आणि एक त्याच्या मापाचं. मन कुठं होतं? मन पाळण्याकडे होतं, श्वास मोजत होतं. हात आपले आपण चालले होते, उजव्या अंगाला शिकलेले.

चोरी म्हणावी इतकी ती मोठी नव्हती. तिची आई असती तर समजली असती. आईच्या ट्रंकेत तळाशी, लग्नाच्या कागदांखाली, एक पिवळट झबलं होतं. तिचं, म्हणजे ती जन्मली तेव्हाचं. ‘दुकानातून आणलेलं हो, भारीतलं,’ आई म्हणायची, आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. गळ्याशी दुहेरी गाठ होती, मोहरीएवढी, घट्ट. लहानपणी ती त्या गाठीवर अंगठा फिरवत बसायची. मंडळाच्या टेबलाशी पहिल्या मंगळवारी डाव्या अंगाचं एक झबलं तिनं हातात घेतलं आणि तिचा अंगठा आपोआप गळ्याशी गेला. मोहरी तिथंच होती. त्या क्षणी तिला आईचा सगळा जन्मभराचा ताठ मान धरून चालण्याचा खटाटोप एकदम दिसला, आणि समोर मान खाली घालून शिवणाऱ्या बायका दिसल्या, त्यांतल्या कुणी, कदाचित ह्या किल्लीमावशींनीच, तिला ह्या जगात बांधून ठेवलं होतं. ती कुणाला काही बोलली नव्हती. पण टिल्लूलाही तसलंच एक असावं, ट्रंकेत राहावं, त्याचा अंगठा कधीतरी त्या गाठीवर फिरावा, असं तिच्या मनात घर करून बसलं होतं. त्यासाठीच तो तुकडा. आणि आता तेच झबलं बाळाच्या अंगावर होतं आणि त्यात गाठच नव्हती.

मग तिला दुसरं झबलं आठवलं. चिमुकलं. बुधवारी सकाळी तिनं ते घडी करून डाव्या अंगाच्या ढिगावर ठेवलं होतं. कुणीतरी जोड पुरा केला असेल, कपाटातून तो निघाला असेल, कुठल्यातरी दारात न बोलता ठेवला गेला असेल. ह्या गावात कुठेतरी, चार रस्त्यांपलीकडे किंवा ह्याच जिन्यावर, एक नवं बाळ तिनं शिवलेलं शेवटचं झबलं घालून दूध पीत असेल. मनात पाल चुकचुकली म्हणतात तेवढं नव्हतं हे. डोक्यामागे कुणीतरी येऊन उभं राहावं आणि काही बोलू नये, तसं होतं. वेडेपणा, तिनं स्वतःला सांगितलं. दोऱ्याला काय कळतं? तिचा नवरा घड्याळजी. तो म्हणाला असता, काटे वेळ दाखवतात, आणत नाहीत. पण तिनं भांड्यांखालची आच बंद केली, आणि टिल्लूला शालीत गुंडाळून ती जिना उतरली तेव्हा दाराला कुलूप लावलं की नाही हेही तिला आठवत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ह्या रस्त्याला एक घाई असते. दुकानांचे पत्रे अर्ध्यावर आलेले, बायका ओले केस पुसत खिडकीशी, कुणीतरी विसरलेलं काहीतरी आणायला धावतंय. दिवस मावळला की सुई खाली, कात्री खाली, विस्तव नाही, गाठ बांधायची नाही, सोडायची नाही. गाठ बांधणं हेही कामच, त्या दिवशी मना असलेल्या मोजक्या कामांतलं. लहानपणी तिला ह्याची गंमत वाटायची, जगात आज एक दिवस कुणी काही बांधणार नाही. आज ती भिंतींवरचं ऊन बघत चालली होती. पहिल्या मजल्यांवरून ते केव्हाच निसटलं होतं, आता दुसऱ्यांवर होतं. खांद्यावर टिल्लू तिच्या गळ्यातली साखळी चोखत होता. त्याचं अंग कोमट लागत होतं की तिचाच गळा गार पडला होता?

किल्लीमावशी स्वयंपाकघरात होत्या, बाह्या वर केलेल्या, ताटलीत दोन मेणबत्त्या उभ्या करत होत्या. ‘ह्या वेळी? आणि पोराला घेऊन? काय ग, विस्तव पेटत नाही का घरचा?’

‘मावशी, मी बुधवारी एक झबलं दिलं. ते कुणाकडे गेलं?’

मावशींनी मेणबत्तीचं बूड वितळवून ताटलीवर दाबलं. ‘सहा महिने झाले तुला मंडळात. हा प्रश्न कितव्यांदा शिकवायचा?’

‘नाव नको मला. घर नको. तुम्हीच जा आणि परत आणा. मी दुसरं शिवून देते, आत्ता, इथं बसून.’

‘शिवणारणीनं दिलेलं परत मागायचं? आणि दिवस किती राहिलाय बघितलंस का?’

‘मावशी, त्याला गाठी नाहीत.’ एकदम बोलून झालं. ‘उजव्या अंगाचा हात बसला होता. मी घरी शिवलं, लक्ष नव्हतं. एकही गाठ नाही त्याला. कुणाचं तरी बाळ ते घालून बसलंय.’

मावशींनी हात पुसले, आधी एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. त्यांचा चेहरा तिनं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. डोळ्यांखालची कातडी मांजरपाटासारखी, धुऊन धुऊन मऊ झालेली.

‘म्हणजे तुला ठाऊक नव्हतं?’ त्यांनी विचारलं.

‘काय?’

‘मला वाटलं तुला कळलं होतं.’ त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. ‘काल सकाळी दवाखान्यातून निरोप आला. बारा दिवसांचं होतं. त्याच घरी जायचा होता ग तो पहिला जोड. कपाटातून काढून मी टेबलावर ठेवला होता, पोचवायचा म्हणून. आणि निरोप आला, आता शेवटचा पाठवा.’

खिडकीबाहेर कुणीतरी कुणालातरी हाक मारली, लवकर ये म्हणून. टिल्लूनं साखळी सोडली आणि मावशींच्या किल्लीकडे बघायला लागला.

‘लहान जोड आपण करून ठेवत नाही,’ मावशी सांगत होत्या, तिला की स्वतःला कोण जाणे. ‘माझ्या आईनं घातलेला नियम. मोठे ठेवा कितीही, माणूस म्हातारं होतंच. लहान कपाटात ठेवला की तो माप शोधत बसतो, असं ती म्हणायची. तेव्हा गरज पडेल तेव्हाच कापायचा. कापायला बसलो काल. शाळेतल्या बाईंना दिसत नव्हतं. बेकरीवाली, एवढी बडबडी, तिनं कात्री उचलली आणि खाली ठेवली. कुणाच्यानं कापवेना. आणि दुपारच्या आत द्यायचं होतं, थांबवून ठेवत नाहीत आपल्यात. मी उगीच त्या पहिल्या जोडातलं झबलं हातात घेतलं. गाठी तपासायची सवय. उलटलं, तर एकही नाही. दोनदा चष्मा पुसून बघितलं. शेपट्या सोडलेल्या, टाके मागे घेतलेले, माझ्या आईनं घेतले असते तसे.’ त्यांनी बाही खाली ओढली. ‘मी मनात म्हटलं, पोरीनं न सांगता शिवून दिलं. बुधवारीच. आमच्यापैकी कुणाच्यानं होईना ते हिनं आधीच केलं. कसं कळलं हिला, असं मी कुणाला विचारलं नाही. देणारीला विचारायचं नसतं. तेच दिलं पाठवून.’

कुठलंही जिवंत बाळ ते झबलं घालून बसलेलं नव्हतं. जिवात जीव यावा अशीच ही गोष्ट होती. आणि तिनं मंगळवारी शिवलं, बुधवारी दिलं, आणि गुरुवारी ते लागलं. मंगळवारी ते बाळ दूध पीत होतं. खिडकीशी बसून ती पाळण्यातले श्वास मोजत होती, ते कुणाचे?

‘त्याच्या आईनं विचारलं,’ मावशी म्हणाल्या, ‘इतकं सुरेख कुणी शिवलं म्हणून. मी सांगितलं नाही अर्थात.’ मग त्यांचा आवाज कामाचा झाला. ‘मी तो नियम मोडणार आहे. काल जे झालं ते पुन्हा नको. एक-दोन लहान तयार असलेले बरे. येत्या मंगळवारपासून तू कर ते. हात लागतो त्याला, तुझ्याकडे आहे.’

‘माझ्याकडे नाही,’ ती म्हणाली. ‘चुकून झालं म्हटलं ना मी.’

‘चुकून तर चुकून.’ मावशी उठल्या, उठता उठता टिल्लूच्या गालाला हात लावला. ‘काय रे लबाडा, किल्ली पाहिजे? किल्लीला दात लागतात.’ बोटं गालावरून गळ्याशी आली, शाल थोडी सरकली, आणि जुन्या सवयीनं त्यांनी झबल्याची कड अंगठ्याखाली उलटली. तिनं शाल ओढून घेतली. उशीर झाला होता. मावशींचा अंगठा जिथं मोहरी असायला हवी तिथं रिकामा थांबला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ‘जा,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘अजून अर्धा तास सुई धरता येईल.’

ती धावली नाही. धावलं तर खांद्यावरच्या त्याला कळेल असं तिला वाटलं. ऊन आता फक्त गच्च्यांवर होतं. चालता चालता टिल्लू जड झाला, मान तिच्या गळ्यात पडली; झोपला. झोपलेलं मूल नेहमीच जास्त जड लागतं, सगळ्या आया सांगतात, तरी तिनं दोनदा थांबून त्याच्या नाकाशी बोट धरलं. काढून टाकायचं आणि दुसरं घालायचं, किती सोपं. धुतलेली चार झबली दोरीवर होती. पण काढलेलं मग ठेवायचं कुठं? पोत्यात टाकावं तर ते त्या जमिनीत जाणार. घरात ठेवावं तर कपाटात एक रिकामं, लहान, बिनगाठीचं झबलं, बरोबर त्याच्या मापाचं, तयार. जाळावं म्हटलं तर त्याच्या मापाचं काहीतरी जळताना बघायचं. नाही. ते त्याच्या अंगावरच बांधलं पाहिजे. ते येणाऱ्याचं केलं पाहिजे.

नवरा घरी येऊन पोचला होता, हातपाय धुऊन खिडकीशी उभा होता. ‘दार सताड उघडं टाकून कुठं गेली होतीस? चोर आला असता तर माझी बंद घड्याळंच सापडली असती त्याला.’ तिचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. ‘काय झालं?’

‘किती वेळ आहे?’

त्याच्या धंद्यातला प्रश्न असल्यामुळे त्यानं उलट काही विचारलं नाही. ‘अकरा मिनिटं.’

तिनं टिल्लूला शालीसकट मांडीवर घेतलं, पलंगाच्या कडेला, खिडकीच्या उजेडात. सुई ओवायला दोनदा चुकली. तिसऱ्यांदा दोरा गेला, तिनं टोकाला गाठ मारली, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी.

‘अंगावर शिवतेस?’ तो म्हणाला. ‘झोपलेल्याच्या?’

‘मेणबत्त्या मांड. मला काही विचारू नकोस.’

आणि तेव्हाच तिला आठवलं. चघळायचं असतं. तिनं दुसरा एक दोरा तोडला, जाड, दुहेरी, एक टोक स्वतःच्या करंगळीला पाच वेढे देऊन पक्कं केलं आणि दुसऱ्या टोकाची गाठ टिल्लूच्या खालच्या ओठावर ठेवली. ओठ उघडे होते. दोरा आत गेला, हिरडीवर टेकला, आणि तिथंच राहिला. काही झालं नाही. छाती हलत होती की शाल? ‘चघळ,’ ती पुटपुटली. ‘चघळ रे राजा. तू त्यातला नाहीस. दाखव.’ सुई तिच्या उजव्या हातात, गळ्याच्या कडेपासून केसाच्या अंतरावर थांबलेली. तो चघळल्याशिवाय ती टोचणार नव्हती, आणि उजेड चादरीवरून, भिंतीवरून, पायऱ्या उतरावा तसा उतरत होता. ‘सात,’ नवरा मागून म्हणाला. त्याचाही आवाज आता वेगळा होता. टेबलाचं डावं अंग, टेबलाचं उजवं अंग, मधे एकच कात्री. येत्या मंगळवारी तिला कुठल्या बाजूला बसवतील? ‘पाच.’ तिनं करंगळी किंचित ओढली. दोरा तोंडातून सुटून येईल असा सैल आला. मोकळा. लोण्यातून केस.

मग तो अडकला.

कुठल्यातरी टणक कणावर, जो सकाळी तिथं नव्हता, तांदळाच्या कणीएवढ्या. हिरडीतून वर आलेल्या पहिल्या दाताच्या टोकावर. टिल्लूच्या कपाळाला आठी पडली, जबडा मिटला, आणि झोपेतच, चिडून, त्यानं दोरा आपल्याकडे ओढला. करंगळीवरचे पाचही वेढे आवळले. बोटाचं टोक लाल झालं, मग जांभळं. तिनं तसंच राहू दिलं. त्या दुखण्याला धरून ती झबल्याच्या गळ्यावर वाकली आणि सुई आत घातली.

‘तीन,’ नवऱ्यानं काडी हातात धरून सांगितलं.

तिची एक गाठ बसली होती.